खानदेशातील घरात जुन्या धाटणीचे हाय-फाय स्पीकर : निवड, मांडणी आणि जतन

जुन्या धाटणीचे उंची हाय-फाय स्पीकर घेण्याचा विचार मनात आला की सर्वप्रथम खोली मोजावी; दुकान, मॉडेल आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. बारा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) बसवलेली रुंद लाकडी पेटी ज्या खोलीत ठेवायची, तिची लांबी-रुंदी, फरशी, छत आणि तेथील हवा यांवर त्या पेटीचा आवाज फार मोठ्या प्रमाणात ठरतो. अमेरिकन किंवा इंग्लिश कंपनीची माहितीपुस्तिका लाकडी जमीन, जिप्समच्या भिंती, गालिचा आणि सौम्य हवा गृहीत धरून लिहिलेली असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातील घरांत मात्र गुळगुळीत टाइल, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत चढणारा पारा असतो. पुस्तिकेत जे सापडत नाही आणि येथे राहणाऱ्याला ज्याची रोज गरज पडते, त्यावर पुढील मजकुरात अधिक भर दिला आहे.

जुनी धाटणी म्हणजे काय

बाजारात दोन प्रकार आहेत. एक, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बनलेले आणि हातोहाती फिरलेले अस्सल जुने स्पीकर. दुसरा, जुन्या आराखड्यावर आज नव्याने बनणारे स्पीकर. जेबीएल कंपनीचा एल १०० सेंच्युरी १९७० मध्ये आला आणि त्याच रूपाचा एल १०० क्लासिक २०१८ मध्ये जाहीर झाला. वार्फडेलचा लिंटन मूळचा १९६५ चा, तर लिंटन हेरिटेज २०१९ चा. क्लिप्शची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये बाजारात आणलेला कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न आणि १९५७ चा हेरेसी यांचे वंशज आजही त्या कंपनीच्या यादीत आहेत. टॅनॉयची एकाच केंद्रावर वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बसवण्याची ड्युअल कॉन्सेंट्रिक रचना १९४७ पासूनची आहे. या सर्वांहून वेगळा म्हणजे बीबीसीने बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरण्यासाठी सत्तरच्या दशकात तयार केलेला एलएस ३/५ए हा छोटासा स्पीकर. तो आजही एकाहून अधिक कंपन्या बनवतात.

यांपैकी बहुतेक जुने आराखडे एवढे मोठे का होते, हे समजून घेतले तर निवड सोपी होते. त्या काळी व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरमधून दहा-वीस वॅट मिळणे हीच मोठी गोष्ट होती, त्यामुळे थोड्या शक्तीत पुरेसा आवाज देणारा, म्हणजे जास्त संवेदनशीलतेचा स्पीकर बनवणे भाग होते. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, यावरून संवेदनशीलता मोजली जाते. एलएस ३/५ए साठी हा आकडा सुमारे ८३ आहे, एल १०० क्लासिकसाठी ९० आणि हेरेसीच्या चौथ्या आवृत्तीसाठी ९९ सांगितला जातो. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, या हिशेबाने एक मीटरवर ९० डेसिबल गाठण्यासाठी एलएस ३/५ए ला सुमारे ५ वॅट लागतात, एल १०० ला एक-दोन वॅट लागतात आणि हेरेसीला एक अष्टमांश वॅट पुरतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर छापलेला वॅटचा आकडा पाहून खरेदी करण्याची आपल्याकडील सवय या बाबतीत उपयोगाची नाही.

रुंद पेटीचा दुसरा परिणाम मानवी आवाजावर होतो. खालच्या सुरांच्या लहरी पेटीला वळसा घालून मागे पसरतात, तर वरच्या सुरांच्या लहरी समोरच्या फळीवरून पुढेच जातात. हा बदल कोणत्या कंपनसंख्येच्या आसपास घडतो ते फळीच्या रुंदीवर ठरते. २० सेंटीमीटर रुंदीच्या आधुनिक उभ्या स्पीकरमध्ये तो साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे गायकाच्या आवाजाच्या ऐन मध्यात; एल १०० ची रुंदी सुमारे ३९ सेंटीमीटर असल्याने तेथे तो ३०० हर्ट्झच्या जवळ उतरतो. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगळे करून वूफर-ट्वीटरकडे पाठवणाऱ्या मंडलात, याची भरपाई करता येते आणि चांगले निर्माते ती करतातही. तरीही ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीत ऐकणाऱ्याला रुंद पेटी आणि कागदी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) यांमधून येणारा गळ्याचा भरीवपणा अधिक भावतो, असे माझे मत आहे. झांजांचा लखलखाट आणि वाद्यांची काटेकोर जागा ज्यांना आधी हवी असते, त्यांना हे स्पीकर थोडे जाड वाटतील, आणि त्यांनी ते केवळ रूपावर भाळून घेऊ नयेत.

खोलीचा हिशेब

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लहर अडकून एखादा सूर अवाजवी फुगतो. तो सूर काढण्याची रीत सोपी आहे : आवाजाचा वेग, म्हणजे साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद, घेऊन त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून त्या अंतराचा सूर सुमारे ५६ हर्ट्झ आणि पुढे त्याच्या दुप्पट, तिप्पट. खोली १० बाय १० फुटांची आणि छतही १० फुटांवर असेल तर लांबी, रुंदी व उंची तिन्ही एकाच सुरावर जोर देतात, आणि आपल्याकडील बंगल्यांतील अनेक बेडरूम नेमक्या याच मापाच्या असतात. अशा खोलीत बारा इंची वूफर ठेवणे म्हणजे पैसे देऊन गोंगाट विकत घेणे होय; तेथे एलएस ३/५ए च्या वळणाचा छोटा स्पीकर शोभतो. १२ बाय १५ किंवा ११ बाय १८ फुटांची बैठकीची खोली असेल तर फुगणारे सूर निरनिराळ्या ठिकाणी विखुरतात आणि मोठ्या स्पीकरला वाव मिळतो.

कागदावरचा हा हिशेब कानाने पडताळून पाहण्यासाठी तबल्यासारखे साधन नाही. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड असलेले एखादे स्वतंत्र तबलावादनाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. सूर खालून वर सरकत असताना तो एखाद्याच ठिकाणी एकदम फुगला किंवा दडला, तर तो डग्ग्याचा घुमारा नसून खोलीचा आहे. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅपचा अगदी खालच्या सुरांसाठी भरवसा धरू नये, कारण फोनचा मायक्रोफोन बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला असतो.

नवीन आरसीसी घरांत त्याहून मोठा त्रास प्रतिध्वनीचा असतो. मोकळ्या खोलीत मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आली तर त्या खोलीत कितीही किमती स्पीकर कर्कश वाजेल. जुन्या धाब्याच्या घरात हा प्रश्न बराच कमी असतो, कारण मातीच्या जाड, ओबडधोबड भिंती आणि वरचे लाकूड आवाजाला तसे आरशासारखे परतवत नाहीत. ज्यांच्या गावाकडच्या घरात अशी एखादी खोली अजून टिकून आहे, त्यांनी शहरातल्या हॉलआधी तिचा विचार करावा. फक्त वरून झडणाऱ्या मातीचा बंदोबस्त आधी करून घ्यावा.

आरसीसीच्या खोलीवर उपाय करण्यासाठी बाहेरून महागडे फोमचे तुकडे मागवण्याचे कारण नाही. पातळ फोम केवळ वरचे सूर शोषतो आणि खोली बोथट करतो. आपण कापसाच्या मुलखात राहतो, आणि नीट पिंजलेला कापूस हा आवाज शोषणारा उत्तम पदार्थ आहे. सुताराकडून ४ फूट उंच, २ फूट रुंद आणि ४ इंच खोल अशा लाकडी चौकटी करून घ्याव्यात, मागे जाळी ठोकावी, पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला कापूस दाबून न भरता पण पुढे खाली बसणार नाही इतपत सारखा भरावा, आडव्या दोऱ्यांनी त्याला धरून ठेवावे आणि वरून खादीचे किंवा तत्सम विरळ विणीचे कापड ताणून लावावे. कापडाला तोंड लावून फुंकर मारली असता हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड पडद्याचे कापड चालत नाही. चौकट भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे ३-४ इंचांची पोकळी सोडून टांगली तर तोच कापूस आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतो, कारण शोषणाऱ्या थराची परिणामकारकता लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाशी निगडित असते. कापूस आग पकडतो हे लक्षात ठेवून विजेचे बोर्ड, समई आणि देवघर यांपासून या चौकटी दूर ठेवाव्यात. कसरीसाठी आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी ठेवावी.

या चौकटी लावायच्या कोठे, ते आरसा सांगतो. ऐकण्याच्या जागी एकाने बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा; ज्या ठिकाणी बसलेल्याला आरशात स्पीकर दिसतो तेथून पहिला परावर्तित आवाज कानावर येतो, आणि चौकट तेथेच हवी. दोन्ही बाजूंना एकेक आणि बसण्याच्या जागेमागील भिंतीवर एक किंवा दोन एवढ्याने फार मोठा फरक पडतो. स्पीकर आणि श्रोता यांच्या मधल्या टाइलवर जाड सतरंजी किंवा घरातल्या दोन-तीन गोधड्या एकावर एक घालाव्यात. पुस्तकांनी भरलेले, दारे नसलेले कपाट मागच्या बाजूला असेल तर उत्तमच. भिंतीच्या भिंती कापसाने मढवू नयेत. तानपुऱ्याची जवारी ज्या खोलीत मरते, ती खोली अतिशहाणपणाने बिघडवलेली समजावी.

मांडणी

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आरंभासाठी पुरेसा आहे. स्पीकरची समोरची फळी मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर ८६ हर्ट्झच्या सुमारास मूळ आवाजाला कापते. अंतर कमी केले तर हा खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो आणि त्याबरोबर खालचा आवाज फुगतो. त्यामुळे स्पीकर भिंतीला टेकवून ठेवणे आणि खोलीच्या मध्यात आणणे या दोहोंमध्ये आपल्या खोलीची जागा शोधावी लागते. फरशीवर कागदी चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, दोन्ही स्पीकर एका वेळी चार-पाच सेंटीमीटर सरकवावेत आणि प्रत्येक खेपेला तेच ध्वनिमुद्रण ऐकावे. क्लिप्शहॉर्न याला अपवाद आहे. मूळ रचनेत खोलीचे दोन कोपरे हाच त्याच्या हॉर्नचा, म्हणजे भोंग्याचा, पुढचा भाग असल्यामुळे तो कोपऱ्याबाहेर काढता येत नाही, आणि ज्या हॉलचा एक कोपरा दाराने किंवा जिन्याने खाल्ला आहे तेथे तो बसत नाही.

या कामासाठी स्टिरिओपेक्षा मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकसारखाच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडते. साठ सालापूर्वीचे कोणतेही एकट्या गायिकेचे गाणे लावावे. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्यात, एका माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून आला पाहिजे. तो पसरट वाटला, एका बाजूला ओढला गेला किंवा डोक्यात घुमल्यासारखा झाला तर एका बाजूची तार उलटी जोडलेली असणे, दोन्ही बाजूंच्या भिंतींचे अंतर फार वेगळे असणे किंवा समोरचे मिडरेंज (मधल्या सुरांचा भाग) व ट्वीटरचे बटण दोन्हीकडे सारखे नसणे यांपैकी काहीतरी कारण असते. ही बटणे प्रथम मधल्या खुणेवर ठेवावीत आणि खोलीचे काम पूर्ण झाल्यावरच त्यांना हात लावावा.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. पाश्चात्त्य स्टँडचे माप सोफ्यावर बसणाऱ्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे १ मीटरवर आहे असे धरून ठरवलेले असते. गादी-तक्क्यांच्या बैठकीवर मांडी घालून बसले की कान त्याहून वीसेक सेंटीमीटर तरी खाली येतो. म्हणून प्रत्यक्ष बसून, भिंतीवर कानाची उंची पेन्सिलने खूण करून मगच स्टँड करून घ्यावा. एल १०० सारख्या स्पीकरसाठी किंचित मागे कललेला बुटका स्टँड कंपनीचाच मिळतो आणि हेरेसीही उताराच्या पाटावर बसतो. भारतीय बैठकीला हे दोन्ही फार सोयीचे पडतात. स्टँड लोखंडी चौकोनी नळीचा, वजनदार आणि न डुलणारा असावा. मात्र स्पीकरचा तळ फरशीपासून निदान १० सेंटीमीटर वर राहील हे पाहावे, कारण घरोघरी फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि एमडीएफच्या पेटीने एकदा पाणी पिले की ती फुगते, नंतर पूर्ववत होत नाही. भिंतीला लागून उभ्या केलेल्या लाकडी स्टँडला वाळवी लागण्याचाही संभव असतो.

स्पीकरवर फुलदाणी, फोटो, गणपतीची मूर्ती, दूरध्वनी असे काहीही ठेवू नये. एवढे सुंदर सपाट लाकूड रिकामे ठेवणे घरातील मंडळींना पटवणे हे या छंदातील सर्वांत अवघड काम आहे, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

अ‍ॅम्प्लिफायर, तारा आणि वीज

स्पीकरच्या ओहमचा (विजेला होणाऱ्या विरोधाचा) आकडा पाहूनच अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. एल १०० क्लासिक ४ ओहमचा आहे आणि त्यासाठी कंपनी २५ ते २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवते. ४ ओहमला न पेलणारा जुना स्टिरिओ त्याला जोडू नये. कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित असतो, ही समजूत बरोबर नाही. शक्ती अपुरी पडून आवाज फाटू लागला की त्या फाटलेल्या लहरींतील वरचे सूर ट्वीटरची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) जाळतात.

तारांवर पैसा उधळण्याची गरज नाही. विजेच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर ५ मीटर अंतरासाठी पुरते; येण्या-जाण्याचे १० मीटर धरले तरी तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास राहतो.

गावठाणात शेतीचे पंप चालू-बंद होताना व्होल्टेज हलते, त्यामुळे चांगल्या प्रतीचा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा आणि तो ऐकण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर चालवला तर गुणगुण ऐकू येते. वीज गेली की ऐकणे थांबवावे. अमेरिकेतून आलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्टचा असतो. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग लावू नये. वळवाच्या पावसाचे ढग जमले की प्लग उपसून ठेवणे बरे.

ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांच्यासाठी एक इशारा. मे महिन्यात वरच्या मजल्यावर ठेवलेली एलपी सहज वाकते. वाकलेली तबकडी फिरताना कानाला ऐकू न येणारी, दर सेकंदाला पाच-सात वेळांची हेलकाव्याची लहर तयार होते, आणि ज्या पेटीला हवेसाठी नळी असते तिच्यातील मोठा वूफर त्या लहरीवर पुढे-मागे भरमसाट झुलू लागतो. फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायरला रंबल फिल्टर (अशा अतिमंद लहरी गाळणारी सोय) असल्यास तो चालू ठेवावा, आणि टर्नटेबल स्पीकरच्या स्टँडवर किंवा त्याच फळीवर कधीही ठेवू नये.

ऊन, धूळ आणि कूलर

खानदेशात स्पीकरचा खरा शत्रू म्हणजे एप्रिल-मे. दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला आणि थेट ऊन येणाऱ्या खिडकीला स्पीकर लावू नयेत. ऑक्टोबरपर्यंतची दमट हवा आणि एप्रिलची कोरडी ठणठणीत हवा यांमध्ये लाकूड फुगते व आकसते. व्हिनीअरला (पेटीवर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराला) कडेने बारीक भेगा पडतात किंवा ते कोपऱ्यात सुटते. ज्या पेटीला तेलाचा हात दिलेला आहे तिला पावसाळा संपल्यावर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा सागाच्या लाकडासाठी मिळणाऱ्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा व जादा तेल लगेच पुसून घ्यावे. लॅकर केलेल्या पेटीला तेल लावू नये. किंचित ओलसर मऊ फडके पुरे. कोणता प्रकार आहे ते पुस्तिकेत पाहावे किंवा मागच्या बाजूला तेलाचा एक थेंब टाकून पाहावे, तो मुरला तर लाकूड उघडे आहे.

वरच्या मजल्यावर स्लॅबखाली संगीताची खोली असेल तर गच्चीवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात देण्याची आपल्याकडची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. सुट्टीत घर बंद करून जाताना एखादी खिडकी जाळीसह किलकिली ठेवावी, कारण बंद खोलीतील साठलेली उष्णता क्रॉसओव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य खाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. व्हॉल्व्हचा किंवा क्लास ए जातीचा (सतत तापणारा) अ‍ॅम्प्लिफायर असणाऱ्याने उन्हाळ्यात त्याच्याभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी, किंवा ते दोन महिने साधा अ‍ॅम्प्लिफायर वापरावा.

कूलरचे काय करावे हा प्रश्न येथे टाळता येत नाही. गवताच्या ताट्यांतून येणारी ओली हवा थेट स्पीकरवर आदळली तर कागदी कोन आणि व्हिनीअर दोन्ही खराब होतात. म्हणून कूलरचा झोत आणि स्पीकर एका रेषेत नसावेत. शिवाय मोठ्या कूलरच्या घरघरीत आलापाचा मंद भाग बुडूनच जातो, आणि मग आपण नकळत आवाज वाढवत नेतो. एसी असेल तर गोष्ट वेगळी, अन्यथा उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधावी. खरे सांगायचे तर खानदेशात मनसोक्त ऐकण्याचा हंगाम दिवाळी ते होळी हाच आहे. नवीन स्पीकर घ्यायचे असतील तर ते दिवाळीनंतर घ्यावेत, म्हणजे मांडणीसाठी सलग चार महिने मिळतात.

धूळ रोखण्यासाठी सुती कापडाची सैल खोळ शिवून घ्यावी. प्लॅस्टिकचे आच्छादन ओल कोंडून धरते, म्हणून ते वापरू नये. कोनवरील धूळ एक इंची मऊ रंगाच्या ब्रशने, जोर न देता, मध्याकडून कडेकडे झाडावी. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड ट्वीटरजवळ नेऊ नये. फोमच्या जाळ्या उन्हापासून दूर ठेवाव्यात, त्या उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू भुकटी होतात. पेटीला हवेची नळी असेल तर रात्री तिच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबर बँडने बांधावा आणि वाजवताना काढावा. उंदीर आत शिरून क्रॉसओव्हरच्या तारा कुरतडतात आणि आतल्या अस्तरात घर करतात, पालीसुद्धा शिरतात. हे हास्यास्पद वाटेल, पण दुरुस्तीचा खर्च हास्यास्पद नसतो.

अस्सल जुने घेताना

परदेशी कंपन्यांचे जुने स्पीकर, तसेच सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कॉस्मिक, सोनोडाइन यांसारखे भारतीय स्पीकर मुंबई-पुण्याकडे विक्रीला निघतात. जळगाव-भुसावळच्या माणसाला मुंबईची आणि नंदुरबारच्या माणसाला सुरतेची गाडी सोयीची असल्याने स्वतः जाऊन ऐकूनच घ्यावे. फोटोवर विश्वासून व्यवहार करू नये. सोबत मल्टिमीटर, बॅटरीचा सेल आणि आपल्या ओळखीची दोन-तीन ध्वनिमुद्रणे न्यावीत.

प्रथम ग्रिल (समोरची जाळी) काढून कोनभोवतीची कड पाहावी. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत, आणि उष्ण-दमट हवेत त्याआधीही, बोट लावताच चिकट चुरा होऊन पडते. ती बदलून मिळते, मात्र त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. कापडी वळ्यांची कड किंवा रबराची कड सहसा टिकते. नंतर दोन्ही हातांची बोटे कोनच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवून तो अगदी हलका आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरवर ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. मिडरेंज आणि ट्वीटरची बटणे फिरवताना आवाज खरखरला किंवा गेला तर ती बहुधा केवळ गंजलेली असतात. दहा-वीस वेळा मागे-पुढे फिरवल्याने बरेचदा सुधारतात. ऐंशीच्या दशकातील काही ट्वीटरमध्ये कॉइल थंड ठेवण्यासाठी चुंबकीय द्रव असतो आणि तो सुकला की ट्वीटर दबलेला वाजतो.

बॅटरीचा उपयोग दिशा तपासण्यासाठी करावा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला असता, धन टोक लाल खुणेला असेल तर वूफर बाहेर यावा. जुन्या जेबीएलमध्ये मात्र तो आत जातो, कारण त्या कंपनीची त्या काळची पद्धतच उलटी होती. दोन्ही स्पीकर सारखेच वागत असतील तर त्यात दोष काही नाही; एक बाहेर आणि एक आत गेला तर कोणीतरी आत हात घातला आहे.

स्क्रूंची डोकी खरवडलेली दिसली की चुंबक आणि कोन मूळचे आहेत का ते विचारावे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) अशांततेमुळे कोबाल्ट महागले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी अल्निको (कोबाल्ट असलेले) चुंबक सोडून फेराइट वापरण्यास सुरुवात केली. यामुळे अल्निकोच्या जुन्या जोड्यांना आज जास्त किंमत मागितली जाते. ती प्रत्येक वेळी आवाजाने सिद्ध होते असे नाही. बँड आणि मंडपाचे स्पीकर रिकोन करणारे (कोन बदलून देणारे) कुशल कारागीर खानदेशात आहेत, आणि फोमची कड बदलण्यासाठी त्यांची मदत घेण्यास हरकत नाही, पण मूळ कोन शाबूत असताना तो काढून दुसरा बसवू देऊ नये. दुरुस्तीच्या वेळी क्रॉसओव्हरचे कपॅसिटर बदलायचे झाल्यास दोन्ही स्पीकरचे एकाच वेळी आणि मूळच्याच मायक्रोफॅरड मूल्याचे बदलावेत.

आवाज किती ठेवावा

संवेदनशील स्पीकर मोठा आवाज विनासायास आणि न फाटता देतात, त्यामुळे तो किती मोठा झाला हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. बसण्याच्या जागी सरासरी ७५ डेसिबल हा आवाज घरातील मैफलीला भरपूर आहे. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बारा इंची वूफरचे खालचे सूर सामाईक भिंतीतून शेजाऱ्यांकडे सहज पोहोचतात. रात्री दहानंतर छोटे स्पीकर किंवा हेडफोन वापरावेत.

स्पीकर ज्या खोक्यांतून आले ती खोकी आतील साच्यांसह माळ्यावर जपून ठेवावीत. एल १०० क्लासिकचा एकेक स्पीकर सुमारे २७ किलोंचा आहे, आणि बदली झाली, घर बदलले किंवा दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवण्याची वेळ आली तर दुसऱ्या कोणत्याही बांधणीत त्याचे कोपरे शाबूत राहण्याची खात्री नसते. खोक्यात डांबरगोळ्या टाकाव्यात आणि ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.